मातीवर बसवलेले ब्लॉक

तुमच्या बाबाने तुम्हाला फोनवर सांगितलं की आजीने शाळेचं मैदान पहारीने उकरलं, आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. त्यालाही हसू आवरत नव्हतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्याने तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली, आणि तीही चुकीच्या टोकाकडून. म्हणून मी सगळं क्रमाने लिहिते आहे. तुम्ही मराठी अडखळत वाचता हे मला माहीत आहे. अडखळा, पण वाचा. हे मी इंग्रजीत लिहिणार नाही. इंग्रजीत माझा राग फार सभ्य होतो.

मी आयुष्यभर दुसऱ्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेच्या समितीवर मला घेतलं, कारण त्यांना इंग्रजीत पत्रं लिहिणारं कोणीतरी हवं होतं. ही विणकरांच्या वस्तीतली शाळा. वर्गात बसलं की शेजारच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट ऐकू येतो. बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी. कुणाचे आईवडील तालुक्यातली जिरायत शेती सोडून इथे कामाला आलेले. मुलं हुशार आहेत, चपळ आहेत, आणि शाळेत येण्याची त्यांना फारशी घाई नव्हती.

वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोनदा खेळाचा तास होता. तो तास मी कधी पाहिला नाही. दहावीचा तास गणिताचे सर घेत. नववीचा विज्ञानाला जाई. आणि ज्या तुकडीकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती, त्या आठवी 'क'चा तास घ्यायलाही कोणी जात नसे. त्या मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवून ठेवत. मैदान मात्र मोठं होतं. त्यावर लग्नाचे मांडव पडत, समितीच्या सभेला गाड्या लागत.

शाळेत खेळ नव्हता असंही म्हणता येत नव्हतं. दरवर्षी खो-खोचा मुलांचा एक आणि मुलींचा एक संघ निवडत. त्या मुलांना केळी मिळत, अंडी मिळत, दहावीला वाढीव गुण मिळत. बाकी शाळेने स्पर्धेआधी मैदानातले खडे वेचायचे आणि स्पर्धेच्या दिवशी टाळ्या वाजवायच्या. संघाने चषक आणला की तो मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेआड जाई, आणि पाहुणे आले की मुख्याध्यापक म्हणत, आमची शाळा खेळात पुढे आहे. एका शाळेतली खेळणारी सगळी मुलं एका टेम्पोत मावत असतील, तर त्या शाळेत खेळ आहे असं मी म्हणत नाही. हे मी सभेत बोललेही होते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला.

मग खेळाच्या नव्या बाई आल्या. वयाने तुमच्या आत्यापेक्षाही लहान. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातली मुलगी, स्वतः चांगली खो-खो खेळलेली. एरवी बोलायची नीट पुस्तकी, पण चिडली की गाव जिभेवर यायचं. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती माझ्या घरी आली, ओळखदेख नसताना. चहा हातात घेतला, प्यायली नाही.

"बाई, तास कागदावर हाय, मैदानावर न्हाय," ती म्हणाली. "मला संघ नकोय. मला आख्खी शाळा पायजे."

मी तेव्हाच तिच्या बाजूची झाले. मुख्याध्यापकांना तिचं बोलणं गमतीचं वाटलं. ते म्हणाले, घ्या तास, महिनाभरात दमाल. दमले ते.

आता तुम्हाला खो-खो समजायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका संघातले नऊ जण पाठलाग करतात. त्यांतले आठ जण मैदानाच्या मधोमध एका ओळीत उकिडवे बसतात, एकाचं तोंड या बाजूला, तर पुढच्याचं त्या बाजूला. ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी खांब. नववा पळणाऱ्यांच्या मागे लागतो. त्याला वाटलं की एखाद्या बसलेल्याच्या मागे जाऊन "खो" म्हणायचं, मग तो उठून धावतो आणि हा त्याच्या जागी बसतो. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाल्यावर क्षणभरही बसायचं नाही. पळणारा हातचा निसटायला लागला की चांगला खेळाडू अंग झोकून सूर मारतो. आडवा, पोटावर, हात पुढे करून. म्हणून हा खेळ मातीत खेळतात.

या बाईंनी नियम केला की वर्गातल्या बाकांच्या रांगांप्रमाणे नऊ-नऊ जणांच्या ओळी पडतील. चपळांची वेगळी ओळ नाही. चष्मेवाला, जाडा, लंगडत चालणारा, सगळे आपापल्या ओळीत. उरतील ते पंच, घड्याळ बघणारे आणि फक्कीने रेषा आखणारे. आणि नऊ भरले तरच खेळ. एकजण जरी घरी राहिला, तरी त्या दिवशी ती ओळ खेळणार नाही, दुसऱ्यांना टाळ्या वाजवेल.

हा नियम मला आधी कठोर वाटला होता. पण त्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी शाळेकडे येताना मला गल्लीत आठ-आठ मुलांची टोळकी दिसायला लागली. एखाद्या दारासमोर उभं राहून ती आतल्याला हाका मारत. "ए, चल की बे, नऊ भरंना." आतून आई तेलुगूत ओरडे, मुलगा अर्धं तोंड धुतलेला बाहेर येई. शाळेचे शिपाई मुलांना घरून आणायचं काम कित्येक वर्षं करत होते आणि ते कधी जमलं नव्हतं. आता आठवी 'क' भरलेली असे. शनिवारी शिक्षकांचीही ओळ बसायला लागली. मुख्याध्यापक एकदा बसले, त्यांना खो मिळाला, आणि त्यांना उठता येईना. मुलांनी अदबीने दुसरीकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात कोणी दंगा केला नाही. मला वाटतं, मुलांना त्यांची दया आली होती.

हात धुतलेलं पाणीही वाया जात नव्हतं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्ही इथे आला होतात तेव्हा पाहिलंय. बाईंनी मुलांकडून एक चर खणून घेतली, दुपारच्या खिचडीनंतर हात धुतलेलं पाणी तिच्यातून मैदानावर जाई. माती दबून बसे, धूळ उडत नसे. ती व्यवस्था पाहून माझ्यासारख्या बाईला किती बरं वाटलं असेल, हे तुमच्या बाबाला विचारा. त्याने माझ्या हाताखाली बालपण काढलंय.

आठवी 'क'मध्ये एक मुलगी होती. तिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. आई घरी विड्या वळते. मुलगी सातवी झाली की टॉवेलच्या शिलाईला लावायची, असं घरात ठरलेलं होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. सातवीत ती आठवड्यातले निम्मे दिवस घरीच असे, वाचताना बोट ठेवूनही ओळ चुकत असे. पण ओळीत तिची जागा खांबाजवळ होती, आणि खांबाजवळ तिला खो मिळाला की पळणारी मुलगी वाचत नसे. ती इतकी सरळ, इतकी लांब सूर मारायची की अंगावरच्या कपड्यांची काय अवस्था होईल हा विचार मला पहिल्यांदाच मागाहून आला. कप्तानाने आपल्या ओळीची नावं मोठ्याने वाचून दाखवायची, असाही त्या बाईंचा नियम होता. तिला कप्तान व्हायचं होतं. दिवाळीपर्यंत ती वाचायला लागली. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं की जाते तोवर जाऊ दे, थांबली की कामाला.

त्याच सुमारास शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, ज्याचा आता टॉवेलचा कारखाना आहे, शाळेला खेळासाठी देणगी दिली. ती खेळासाठीच दिली होती, हे लक्षात ठेवा. समितीची सभा बसली. अध्यक्ष म्हणाले, मैदानाचा विकास करू. सगळ्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवू. तुम्ही ते पाहिलेत, बागेतल्या वाटांवर आणि पेट्रोल पंपावर बसवतात ते सिमेंटचे ठोकळे. पावसाळ्यात चिखल होणार नाही, उन्हाळ्यात धूळ उडणार नाही, संमेलनाला खुर्च्या डुगडुगणार नाहीत, पाहुण्यांच्या गाड्यांना सोय होईल. एकेक जण आपलं कारण सांगत गेला आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आनंद होता. ते लबाड नव्हते. त्यांनी एक वीटही स्वतःच्या घरी नेली नाही. आपण खेळासाठी फार मोठं काही करतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला आजही तेच सगळ्यात जास्त खुपतं. चोराशी भांडता येतं.

मी म्हणाले, ब्लॉकवर खो-खो खेळता येत नाही. मुलं पडतात, सूर मारतात. अध्यक्ष हसले.

"बाई, तुमच्या अंगणात मातीचा कण सापडत नाही. आणि आमच्या मुलांनी मातीत लोळायचं होय?"

सगळे हसले. माझं अंगण या गावात प्रसिद्ध आहे, हे खरं.

"माझ्या अंगणात कोणी सूर मारत नाही," मी म्हणाले.

मुख्याध्यापक चहाच्या कपात बघत राहिले. खेळाच्या बाई समितीवर नव्हत्या, त्यांना कोणी विचारायला बोलावलंही नव्हतं. हात वर झाले. माझा एकटीचा खाली राहिला. दिवाळीच्या सुट्टीत काम झालं. मी दोनदा जाऊन पाहिलं. मुरूम दाबला, वर खडीची बारीक कच पसरली, आणि तिच्यावर एकाला एक चिकटून करड्या रंगाचे ब्लॉक. पाण्याची चर बुजली. खांब पुन्हा रोवले, सिमेंटात.

उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला. तो पहिल्याच घावात फुटला. मातीवर त्यांना नेहमी तीन-चार वेळा आपटावा लागत असे. देणगी देणारे गृहस्थ बूट आपटत मैदानभर फिरले आणि म्हणाले, झकास, एकदम विमानतळासारखं. भिंतीवर पाटी लागली: विकसित क्रीडांगण.

खेळाच्या बाईंनी मुलांना सांगून ठेवलं होतं की यावर कवायत होईल, खो-खो नाही. पण मुख्याध्यापकांना देणगीदारांना पाठवायला फोटो हवा होता. नव्या मैदानावर मुलं खेळताहेत, असा. पाचच मिनिटं खेळवा, फोटोपुरतं, असा हुकूम आला. बाई नाही म्हणाल्या. तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतःच आठवी 'क'ला बाहेर काढलं आणि ओळ बसवली. पळायचं नाही, सावकाश चालायचं, असं बजावलंही. पण ज्या मुलीला खांबाजवळ खो मिळाला, तिच्या अंगाला सावकाश म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिने सूर मारला.

डाव्या हाताचं मनगट मोडलं. हनुवटी फाटली, टाके पडले. मी त्या दिवशी शाळेत नव्हते. मला संध्याकाळी कळलं. फोटो मात्र निघाला होता आणि गेलाही होता. त्यात ती हवेत आहे. खाली लिहिलं होतं: आमची जिद्द. तो फोटो मलाही फोनवर आला होता. मी फोन बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूचना निघाली की सुरक्षिततेच्या कारणास्तव मैदानावर खेळ बंद. खेळाचे तास इतर विषयांना वाटून टाकले. आधी खेळासाठी मैदान बांधून काढलं, मग मैदान बांधलेलं आहे म्हणून खेळ बंद केला, आणि यातलं काही कुणाला विचित्र वाटलं नाही. दुपारी ते ब्लॉक थंडीच्या दिवसांतही तव्यासारखे तापत. मुलं भिंतीच्या सावलीला चिकटून डबा खात. गल्लीतली टोळकी बंद झाली. नऊ भरायचे कशासाठी? आठवी 'क'चा वर्ग महिन्याभरात अर्ध्यावर आला.

ती मुलगी परत आलीच नाही. मी आणि खेळाच्या बाई एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडिलांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उंबऱ्यावर बसले. मुलीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. उजव्या हाताने ती छोट्या कात्रीने टॉवेलच्या कडेचे धागे कापत होती, टॉवेल पायाने दाबून धरून.

मी तिच्या शाळेविषयी बोलायला लागले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी शाळा बंद कर म्हणालो न्हाय बाई," ते म्हणाले. "खेळ तुमीच बंद केलाव. ती खेळापायी येत होती, तुमाला बी माहीत हाय की."

मी म्हणाले, अभ्यास तर चालू आहे.

"अभ्यास आधी बी होता. तवा का जात न्हवती?"

आतून आई काहीतरी तेलुगूत म्हणाली. वडिलांनी तिकडे मान वळवली. मग त्यांनी सांगितलं की संक्रांतीपर्यंत बघतो. खेळ सुरू झाला तर जाईल. नाहीतर हात बरा झाला की मुलगी शिलाईला बसेल, जागा बोलून ठेवलीय.

आम्ही उठलो तेव्हा मुलीने खेळाच्या बाईंना हळूच विचारलं, "मॅडम, माझ्या जागेवर कोणाला बसवलाव?"

बाईंनी सांगितलं, कोणाला नाही. ओळच बसत नाही. रिक्षात त्या माझ्या शेजारी बसून रडल्या आणि मी त्यांना रडू दिलं. मला रडू येत नव्हतं. मला इतका राग आला होता की माझे दात दुखत होते.

मी अध्यक्षांना फोन केला. ते फार गोड बोलले. झालं ते वाईट झालं, म्हणाले, पण तुम्ही काळजी करू नका, आपण संघासाठी मॅट आणू, निवडक मुलींना त्यावर सराव करता येईल. मी म्हणाले, ही मुलगी निवडक नाही, ती आठवी 'क'मधली आहे. ते म्हणाले, मग बघा, सगळ्यांसाठी कसं करणार? हाच प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे, आणि विचारणारा नेहमी स्वतः खुर्चीत बसलेला असतो.

शनिवारी सकाळची शाळा असते. मी चहा घेतला, रोपांना पाणी घातलं, आणि बागेच्या कोपऱ्यातली पहार घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि विचारलं, पहार कशाला. मी म्हणाले, शाळेसाठी. तो म्हणाला, देणगी का? मी म्हणाले, हो, तसंच समजा.

खांबाच्या बुडाशी सिमेंट आणि ब्लॉक यांच्यामध्ये फट राहिली होती. ती मी काम चालू असतानाच पाहून ठेवली होती, कारण वाकडी फट मला दिसते. पहिला ब्लॉक निघायला फार त्रास झाला. तो निघाल्यावर बाकीचे तेवढे अडून बसले नाहीत. खाली नुसती कच होती. खेळाच्या बाई धावत आल्या आणि पहारीला हात घालू लागल्या.

"तू हात लावायचा नाहीस," मी म्हणाले. "तुला नोकरी आहे. मला पेन्शन आहे."

त्या मागे सरल्या. खिडक्यांमध्ये मुलांची डोकी जमली. मग मुख्याध्यापक आले.

"बाई, हे काय करताय?"

"खेळाचा तास घेते आहे."

"मुलं बघताहेत."

"बघू द्या. त्यांना बाहेर काढायला तुम्हाला फोटो लागतो, मला नाही."

ते गोरेमोरे झाले. त्यांनी शिपायाला सांगितलं की बाईंच्या हातातून पहार घे. शिपाई जागचा हलला नाही. म्हणाला, साहेब, एवढ्या वयाच्या बाईंच्या हातातली वस्तू मी कशी ओढू, तुम्हीच घ्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते फोन करायला आत गेले.

शाळा सुटेपर्यंत माझी एका चादरीएवढी जागा मोकळी झाली होती, जास्त नाही. कच बाजूला केली, दाबलेला मुरूम उकरला, आणि खालची माती हाताला लागली. माझ्या तळहातांची सालं निघाली होती. तुम्ही फोनवर पाहिलंत ते बँडेज तेच. निघालेले ब्लॉक मी भिंतीशी नीट रचून ठेवले. मला पसारा चालत नाही.

तातडीची सभा बसली. विषय मी. अध्यक्षांनी राजीनामा मागितला. मी म्हणाले, देणार नाही, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येणार. मला थांबवायचं तर पोलीस बोलवा, आणि पोलिसांना सांगा की म्हातारी शाळेच्या मैदानातली माती उघडी करत होती. एकजण म्हणाला, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हे शोभतं का? मी म्हणाले, शिकले म्हणून तर इतके दिवस तोंडाने सांगत होते.

मग शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून बसलेले गणिताचे सर उभे राहिले. खेळाचा तास वर्षानुवर्षं गणितासाठी घेणारे तेच सर. आता हेही माझ्यावर येणार, असं मला वाटलं.

"मला तो तास नको," ते म्हणाले. "मैदान बंद झाल्यापासून आठवी 'क'चा निम्मा वर्ग येत नाही. येतात त्यांचं लक्ष नाही. मी शिकवू कोणाला? तास खेळाच्या बाईंना परत द्या, मला माझी मुलं परत द्या."

हे मी बोलले असते तर म्हातारीचा हट्ट ठरला असता. गणिताच्या सरांनी म्हटल्यावर ते खरं ठरलं. अध्यक्षांनी बराच वेळ चष्मा पुसला, मग ठरलं की एका खो-खोच्या मैदानापुरते ब्लॉक काढायचे आणि माती टाकायची. पण ते मैदान फक्त संघासाठी. बाकीच्या मुलांनी मोकळ्या जागेत, म्हणजे ब्लॉकवर, हलके व्यायाम करावेत.

मी भांडायला उठणार होते. खेळाच्या बाईंना निर्णय ऐकवायला आत बोलावलं होतं, त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "व्हय सर." बाहेर आल्यावर मी त्यांना झापलं. त्या हसल्या, तो सगळा महिना त्या हसल्या नव्हत्या.

"बाई, संघात किती जण घ्यायचे ते त्यांनी कुटं सांगितलंय? आख्खी शाळा संघात घेते की."

माती पडली, रेषा आखल्या, वेळापत्रकात खेळाच्या तासासमोर संघाचा सराव असं लिहिलं गेलं, आणि प्रत्येक वर्ग आपापला संघ झाला. संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी मी मुद्दाम लवकर निघाले आणि त्या मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली. दारासमोर आठ मुली उभ्या होत्या. आत न जाता ओरडत होत्या. नऊ भरंना, नऊ भरंना. वडील रात्रपाळी करून आलेले, उंबऱ्यावर चूळ भरत होते. ते त्या मुलींकडे बघत राहिले, मग मागे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाले. ती बाहेर आली. एका हाताने वेणी घालता येत नाही, म्हणून तिचे केस मोकळेच होते. एका मुलीने चालता चालता तिची वेणी घातली.

प्लास्टर निघेपर्यंत तिला खेळायचं नव्हतं. तिच्या ओळीसाठी नियम थोडा वाकवला. तिने खांबाजवळ शिट्टी घेऊन उभं राहायचं, ओळीतला नववा जण तीच धरायची. आता प्लास्टर निघालं आहे आणि ती खेळते. पण तिचं मनगट पूर्ण वळत नाही. सूर मारताना ती उजव्या हातावर येते, म्हणून थोडी तिरकी पडते, आणि पूर्वी जी मुलगी तिच्या हाती लागली असती ती आता कधीकधी निसटते. हे तिला कोण भरून देणार आहे? हनुवटीवर वण आहे. स्नेहसंमेलनात अध्यक्षांनी भाषण केलं की आजच्या काँक्रीटच्या जमान्यात आमच्या शाळेने मातीचं मैदान जपलं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी गणिताचे सर होते, त्यांनीही नाही.

तेव्हा आता तुम्हाला कळलं असेल की मला हसू का आलं नाही. मैदानाचा मोठा भाग अजून ब्लॉकखालीच आहे. एका मैदानात सगळी शाळा मावत नाही, लहान वर्गांना पंधरवड्यातून एकदा पाळी मिळते, आणि सभेच्या दिवशी अध्यक्षांची गाडी अजून तिथेच लागते. मी मागच्या सभेत उरलेल्या जागेचा विषय काढला. ते म्हणाले, बाई, आता वय झालं, पहार ठेवून द्या.

ती मी बागेत ठेवलेली नाही. दाराशी ठेवली आहे, छत्रीच्या शेजारी.